मागचा लाल दिवा

स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेतली, तेव्हा वर्ग आणि वंदनेच्याही आधी आम्हांला आठवला तो नागपूर–कामठी रस्ता. १९८० च्या दशकात वसतिगृहातील आम्ही मुले रविवारी दीक्षाभूमीवर जाऊन अंधार पडता पडता सायकलींवर परतत असू. टायरला घासून फिरणारा डायनॅमो हाच आमचा आधार. चाक फिरे तोवर उजेड. चाक थांबले की काळोख.

एका रात्री एकाच्या सायकलची चेन उतरली. आम्ही सारे कडेला थांबलो आणि सगळे दिवे एकदम विझले. मागून आलेल्या ट्रकचा धक्का त्या मित्राला बसला. हात मोडला, दहावीची परीक्षा हुकली. पुढे तो शाळेत परतलाच नाही. ट्रकचालक खाली उतरून कळवळून एवढेच म्हणाला, "पोरं दिसलीच नाहीत."

इतिहास शिकविताना हे वाक्य आम्हांला वारंवार आठवले. ज्यांनी आपल्या माणसांना पाहण्याचेच नाकारले, त्यांच्यासमोर बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंना उभे केले. तो ट्रकचालक मात्र नाकारणाऱ्यांपैकी नव्हता. त्याला खरोखरच दिसले नव्हते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. अंधारातले मूल ध्यानात येईपर्यंत ब्रेक दाबण्याची वेळ निघून गेलेली असते.

आता बॅटरीवरचे एलईडी दिवे मिळतात. सायकल थांबली तरी ते जळत राहतात. तरीही पालक म्हणतात, "सर, रिफ्लेक्टर आहे की!" तो असावाच; पण दुसऱ्याच्या दिव्याचा झोत पडला तरच तो चमकतो. म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल, असे स्वतःचे दिवे हवेत. मागचा दिवा दप्तराआड झाकला जाऊ नये. पुढचा किंचित खाली झुकलेला असावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

तथागतांनी स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले. तो उपदेश सायकलीसाठी नव्हता, हे आम्ही जाणतो. तरीही शिकवणीला निघालेल्या प्रत्येक मुलाचा मागचा दिवा आम्ही फाटकाशी उभे राहून लावून पाहतो. ज्याचा लागत नाही, त्याला आमच्या टेबलाच्या खणातला दिवा मिळतो, सकाळी परत करण्याच्या बोलीवर.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती: मेळाव्याला येताना हार-पुष्पगुच्छ नकोत. सायकलचा एक दिवा आणा. खण रिकामा होत आला आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!