गाडी माझी, नाव कोणाचे?

वस्तूवर नाव घालण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. भांड्यांच्या दुकानात खरेदी आटोपली की दुकानदार विचारतो, "नाव काय घालायचं?" आणि कोपऱ्यात बसलेला माणूस, पूर्वी छिन्नी-हातोडीने आणि आता विजेच्या यंत्राने, काठावर टिंबाटिंबांची अक्षरे उमटवून देतो. आमच्या स्वयंपाकघरातली निम्मी मांडणी अशा अक्षरांनी भरलेली आहे. कुणाचे नाव पातेल्यावर आहे, कुणाचे पिंपावर, कुणाचे पुरणपोळीच्या ताटावर. नावे घालणारी बरीच माणसे गेली, भांडी मात्र राहिली. आणि वरणाचे पातेले उतरवताना कधी एखाद्या मावशीची आठवण निघते. तेव्हा नाव घालण्यालाच माझा विरोध आहे, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. माझे भांडण एकाच नावाशी आहे. आपण पुरते पैसे मोजून घेतलेल्या मोटारीवर ती विकणारा दुकानदार जे स्वतःचे नाव चिकटवून देतो, त्या नावाशी.

यंदाच्या पाडव्याला आम्ही नवी गाडी घेतली. हल्ली गाडी घेणे हा एक समारंभ असतो. गाडीवर कापड घालून ठेवतात, ते आपल्याला ओढायला लावतात, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देतात आणि फोटो काढतात. सौ.ने बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवले गेले. सगळे यथासांग झाल्यावर मी कौतुकाने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मागच्या बाजूला येऊन थबकलो. मागच्या काचेवर, आडवे, वीतभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत विक्रेत्याचे नाव होते. त्याखाली दूरध्वनीचा क्रमांक. डिकीच्या झाकणावर उजवीकडे तेच नाव चंदेरी प्लास्टिकच्या अक्षरांत. नंबरप्लेटीच्या चौकटीवर तेच. चिखल अडवणाऱ्या चारही रबरी झडपांवर तेच. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव शोधावे लागत होते. विकणाऱ्याचे चुकवता येत नव्हते.

त्या क्षणी मला काय आठवले असेल, तर पुण्यातल्या लहानपणीच्या भाड्याच्या सायकली. तेव्हा तासाच्या हिशेबाने सायकल मिळे. तिच्या मडगार्डवर दुकानाचे नाव आणि सायकलीचा नंबर रंगवलेला असे. ते नाव म्हणजे एक ताकीदच होती: ही सायकल तुझी नव्हे, तास भरत आला, परत फीर. रस्त्यात कुणी ओळखीचे भेटले तर आम्ही मुले पाय आडवा धरून ते नाव झाकत असू. पुढे स्वतःची सायकल झाली, तेव्हा तिच्या कोऱ्या काळ्या मडगार्डकडे मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. त्यावर कुणाचेच नाव नव्हते, म्हणून ती माझी होती. इतक्या वर्षांनी, आयुष्यातली सर्वांत महाग खरेदी करून मी पुन्हा दुसऱ्याच्या नावाच्या वाहनावर बसणार होतो.

आता गंमत पाहा. या गाडीसाठी निम्म्याहून अधिक रक्कम बँकेने घातली आहे. त्या बँकेचे नाव कुठे आहे? नोंदणीच्या कागदावर, एका ओळीत, मुकाट्याने. कर्ज फिटले की बँकेचा ना-हरकत दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आर.टी.ओ.कडे द्यायचा, म्हणजे तेही नाव निघते. ज्याने पैसे दिले त्याचे नाव काढायला सरकारने फॉर्म केला आहे. ज्याने पैसे घेतले त्याचे नाव काढायला मात्र कोणताच फॉर्म नाही. शहरातल्या बसगाड्यांवर जाहिराती असतात, पण त्यांचे पैसे परिवहन संस्थेला मिळतात. वाण्याने दिलेल्या दिनदर्शिकेखाली वाण्याचे नाव असते, पण दिनदर्शिका तो फुकट देतो. मी फुकटात जाहिरात मिरवायची, तीही वर्षानुवर्षे, आणि पेट्रोल माझे!

सौ.ला हे पटले नाही. ती म्हणाली, "अहो, आपल्या पाण्याच्या पिंपावर माझ्या मामांचं नाव आहे. ते इतकी वर्षं चाललंच ना तुम्हाला?"

"अगं, मामांनी ते पिंप दिलं. विकलं नाही."

"मग कंपनीचं चिन्ह पुढे आहे, ते का नाही काढत?"

"कंपनीने गाडी बनवली. बनवणाऱ्याने आपली खूण ठेवावी. पण तुझ्या मंगळसूत्राच्या वाटीवर सराफाने पेढीचं नाव कोरलं असतं, तर तू ते घातलं असतंस?"

ती काही बोलली नाही. मंगळसूत्रावर हॉलमार्क असतो, पण तो भिंगातून पाहावा लागतो आणि सोन्याचा कस सांगतो. अक्षरे लहान असावीत आणि काही उपयोगाचे सांगणारी असावीत, एवढेच माझे मागणे आहे. दुसऱ्या रविवारी सकाळी तिनेच केस वाळवण्याचे यंत्र आणून माझ्या हातात दिले, तेव्हा तिचाही निकाल मला कळला.

हे काम लवकर करावे हे बरे. वर्षानुवर्षे ऊन खाऊन भोवतालचा रंग फिका पडतो आणि अक्षरांखालचा ताजा राहतो. मग अक्षरे काढली तरी नाव वाचता येते. म्हणजे नाव जाते आणि त्याचे भूत राहते. शिवाय डिंक उन्हाने भाजून दगडासारखा होतो. नव्या गाडीवर तो मऊ असतो. यंत्राचा गरम वारा वीतभर अंतरावरून, एका जागी न थांबता, दोन-तीन मिनिटे फिरवला की काचेवरच्या कागदाचे टोक नखाने उचलता येते. ते हळूहळू, तिरके ओढायचे. काचेच्या आतल्या अंगाला तांबूस रेषा असतात, त्या दव घालवणाऱ्या तारा. कागद बाहेरून लावलेला असला तर त्यांना धोका नाही; पण आतून असला तर तिथे पाते चालवू नये, तार तुटली की काच पुन्हा कधी नीट तापत नाही.

प्लास्टिकच्या अक्षरांना दुसरी युक्ती. ती दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेली असतात. ऊब दिल्यावर दात साफ करायचा रेशमी दोरा त्यांच्यामागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. पत्र्याला पत्रा लावून उचकटू नये. मोटारीवरचा सगळा रंग, सर्व थर मिळून, साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा! त्यावर उलथणे चालवण्यात अर्थ नाही. अक्षरे गेल्यावर डिंकाचे करडे सांगाडे उरतात. त्यांना थिनर लावू नये, तो रंगही खातो. मी साधे खोबरेल तेल लावले, दहा मिनिटे थांबलो आणि अंगठ्याने चोळले. डिंकाच्या शेवया झाल्या. मग साबणाचे पाणी आणि मऊ पंचा.

हे चालू असताना सोसायटीच्या आवारात मंडळी जमली. रविवारी सकाळी दुसऱ्याच्या गाडीभोवती उभे राहण्यासारखे सुख नाही. एक शेजारी म्हणाले, "राहू द्या हो नाव, बिघडली तर फोन नंबर तिथेच." दुसऱ्यांनी वॉरंटी जाईल अशी भीती घातली. वॉरंटी बनवणाऱ्या कंपनीची असते, ती विक्रेत्याच्या कागदाच्या तुकड्यावर टांगलेली नसते, हे त्यांना समजावून सांगावे लागले. तिसऱ्यांनी काही न बोलता दोरा मागून घेतला आणि स्वतःच्या गाडीमागे जाऊन बसले. त्यांची गाडी आठ वर्षांची होती. दुपारपर्यंत त्यांनी सगळी अक्षरे काढली आणि नाव अजून स्पष्ट वाचता येते.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून सुटली नाही, ती विक्रेत्याच्या हातून सुटली होती. नंबरप्लेटीला चौकट नको, असे मी नोंदणीच्या वेळीच लिहून दिले होते. तरी ती बसलीच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी येते. ती न निघणाऱ्या कुलपांनी जखडलेली असते आणि तसे ते योग्यच आहे, नाहीतर चोराला पाटी बदलणे सोपे जाईल. पण चौकटही त्याच कुलपांत अडकली, म्हणजे तिला हात लावता येईना. पाटीवर क्रमांकाखेरीज काही लिहू नये असा नियम आहे. चौकट पाटीच्या बाहेर, म्हणून नियमाच्याही बाहेर, असा विक्रेत्याचा युक्तिवाद. मी चौकटीवरच्या नावावर काळी पट्टी लावून टाकली. ज्यांना गाडी घ्यायची असेल त्यांनी पाटी बसवताना समोर उभे राहावे.

काढण्याचा उत्साह फार झाला तर तोही आवरावा. पुढच्या काचेवर आतून एक छोटा कागद असतो. पेट्रोलच्या गाडीला फिका निळा, डिझेलच्या गाडीला नारिंगी. ती सरकारी तिसरी पाटी आहे, ती ठेवायचीच. दाराच्या खांबावर टायरात हवा किती भरावी ते लिहिलेले असते, तेही असू द्यावे. ती नावे नव्हेत, माहिती आहे.

आता ज्या मुलाने गाडी विकली त्याच्याविषयी. मी त्याला पाडव्याच्या दिवशीच म्हटले होते, "हा काचेवरचा कागद इथेच काढून दे." त्याने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली केला. "काका, इथं नको. गाडी दारातून बाहेर जाताना स्टिकर नसला तर साहेब मला विचारतात." म्हणून मी तसाच घरी आलो. तीन वेळा आमच्या घरी खेटे घालून, बँकेचे कागद जुळवून, सौ.च्या शंभर शंकांना हसून उत्तरे देऊन त्याने गाडी मिळवून दिली होती. एवढ्या मोठ्या अक्षरांत त्याचे नाव कुठेच नव्हते. पुढे विक्रेत्याकडून गुण विचारणारा फोन आला, तेव्हा मी त्या मुलाचे नाव घेऊन दहापैकी दहा सांगितले.

पहिल्या सर्व्हिसिंगला तो भेटला. कोरी काच पाहून आधी दचकला आणि मग हसला.

"काढलंत होय काका? बरं केलंत."

"तुला राग नाही आला?"

"मला कशाला? माझं नाव थोडंच होतं!" आणि मग किंचित लाजून म्हणाला, "बाबांची रिक्षा आहे. तिच्या मागं आहे माझं नाव. मी शाळेत जायला लागलो तेव्हा पेंटरकडून लिहून घेतलं त्यांनी. अजून आहे."

घरी येऊन मी हे सौ.ला सांगितले. ते ऐकल्यापासून मागच्या काचेवर एका कोपऱ्यात, लहान अक्षरांत, नातीचे नाव लिहून घ्यावे असे तिचे म्हणणे आहे. मी अजून होकार दिलेला नाही. पण या खेपेला माझ्याजवळ फारसा युक्तिवादही उरलेला नाही.