टाकीच्या आतला गंज

आपल्या हातातलं भांडं आपण आतून-बाहेरून घासतो. मोटारसायकलच्या टाकीचं तसं नसतं. बाहेरचा रंग सगळ्यांना दिसतो, आतला पत्रा कुणालाच नाही. आणि गंज धरतो तो आतच. गाडी चालवल्यानं नव्हे, उभी ठेवल्यानं.

आमचं बालाघाट वैनगंगेच्या काठचं, चहूकडे धानाच्या बांध्या. पावसाळ्यात इथे मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या साड्यांना वास येतो. तीच ओल अर्ध्या रिकाम्या टाकीत शिरते. दिवसा टाकी तापली की आतली हवा बाहेर पडते, रात्री गार झाली की झाकणाच्या बारीक भोकातून दमट हवा आत येते. तिचे थेंब पत्र्यावर जमतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते तर ओल ओढूनच घेतं.

माझे सासरे राजदूतवर कापडाचे गठ्ठे बांधून वारासिवनी-कटंगीकडचे आठवडी बाजार करायचे. ते गेले आणि गाडी पडवीत उभी राहिली. सासूबाई रोज सकाळी तिच्यावरून फडकं फिरवायच्या. विकायची का म्हटलं तर गप्प, ठेवायची का म्हटलं तरी गप्प. हळूहळू घरात सासऱ्यांचा विषयच निघेना. त्यांच्या आठवणीनं त्यांना त्रास होईल म्हणून आम्ही बोलत नव्हतो, आणि आम्हाला होईल म्हणून त्या. असे तीन पावसाळे गेले.

मग माझ्या लेकीनं ठरवलं, आजोबांची गाडी मी चालवणार. धडपड करून सुरू केली, तर दोन मिनिटांत बंद. गंजाचे पापुद्रे पेट्रोलबरोबर खाली उतरून कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात अडकले होते. मेकॅनिकनं टॉर्चनं आत पाहिलं. “भाभी, टंकी अंदर से सड़ गई. तेज़ाब डाल देते हैं, नहीं तो भंगार में दे दो.” सासूबाईंच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

तेजाब म्हणजे संडास धुतात ते. ते गंज खातं खरं, पण गंज संपला म्हणून थांबत नाही, पत्राही खातं. आधीच झिजलेल्या टाकीला भोकं पडायची. मी म्हटलं, थांबा. पितळेचा डबा आपण चिंचेनं उजळवतो तो काय भोकं पाडून? सौम्य आंबट घ्यायचं आणि त्याला वेळ द्यायचा.

जुनं पेट्रोल मेकॅनिकनं काढून नेलं. टाकी सोडवून अंगणात आणली. मैत्रिणींनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ असते. जवळ गॅस नको, काडी नको, उदबत्तीसुद्धा नको.

राजदूतच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, त्यामुळे आत चिकट थर होता. चिकटावर आंबट चालत नाही. म्हणून आधी साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा धुतली. मग मूठभर नट टाकून, भोकं बंद करून, मायलेकींनी धान पाखडावं तशी ती हलवली. खडखडाट असा की शेजारच्या काकू बघायला आल्या. सुटे पापुद्रे निघाल्यावर दहा लिटर गरम पाण्यात पाऊण किलो लिंबूसत्त्व विरघळवलं, टाकी काठोकाठ भरली आणि एक दिवस तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी निघालं ते गढूळ, काळपट पिवळं पाणी. आंबटपणा मारायला खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळली आणि लगेच उन्हात, वर पंखा लावून सुकवली. इथे आळस चालत नाही. उघडा पडलेला ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. सुकल्याबरोबर थोडं ऑइल आत घालून सगळीकडे फिरवलं.

सासूबाई इतका वेळ खाटेवर बसून होत्या. उठल्या, टॉर्च मागितला, वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “पाऊण किलो लिंबूसत्त्व! हे असते तर म्हणाले असते, एवढ्यात अख्ख्या बाजाराला सरबत पाजलं असतं.”

आम्ही हसलो, आणि त्या रडल्या. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्या दहा वाजेपर्यंत बोलत होत्या. बाजाराच्या वाटेवरचा पाऊस, भिजलेले गठ्ठे, उधारी बुडवणारी गिऱ्हाइकं. लेक ऐकत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गाडी पुष्कळ दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर गच्च भरावी, म्हणजे ओल्या हवेला जागाच उरत नाही. त्याहून जास्त असेल तर पूर्ण रिकामी करून, सुकवून, आतून ऑइलचा हात द्यावा. आणि मधूनमधून झाकण उघडून पाहावं.

आता मृगाचं आभाळ भरून आलं की सासूबाई लोणच्याच्या बरण्यांच्या आधी नातीला विचारतात, “टाकी भरली का गं?”