चार खाड्या आणि गाडीतले घर

कोकणचा नकाशा समोर धरला, की समुद्राच्या कडेने उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ जाता येईल असे वाटते. प्रत्यक्षात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या होतात आणि किनाऱ्याचा रस्ता ठिकठिकाणी पाण्यापाशी येऊन थांबतो. मुरुड-जंजिऱ्याजवळची राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्री नदीची जयगड खाडी, या चार खाड्या गाडीसह फेरीबोटीतून ओलांडत, गाडीतच झोपत आणि हातानेच रांधून जेवत आम्ही उभयतांनी गेल्या माघ महिन्यात आठ दिवसांचा प्रवास केला. अल्प खर्चात असा प्रवास करू इच्छिणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे लेखन.

आमची गाडी म्हणजे परदेशी चित्रांत दिसणारा चाकांवरचा बंगला नव्हे. पाच आसनी जुनी व्हॅन, तिच्या मागील भागात सुताराकडून करवून घेतलेले प्लायवुडचे दोन खोके, खोक्यांत सामान आणि त्यांवर गादी, एवढाच तिचा थाट. नोंदणी झालेल्या वाहनाच्या रचनेत परवानगीशिवाय बदल करण्यास मोटार वाहन कायद्याने मनाई आहे. त्यामुळे आम्ही काहीही कायमचे जोडले नाही. खोके उचलले की गाडी पूर्ववत. खिडक्यांना मच्छरदाणीचे कापड, पिण्याच्या पाण्याचे दोन डबे आणि एक छोटी शेगडी यांनी संसार पूर्ण झाला. शेगडी नेहमी गाडीबाहेर, मोकळ्या जागीच पेटवायची, हा नियम पत्नीने पहिल्याच दिवशी घालून दिला.

आपल्या कुटुंबांना प्रवासात खरी अडचण येते ती भोजनाची. किनाऱ्यावरील बहुतेक खानावळी मासळीसाठी प्रसिद्ध. कंदमूळ नको, सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, पाणी उकळलेले हवे, हे प्रत्येक ठिकाणी समजावून सांगताना सांगणाराही संकोचतो आणि ऐकणाराही. स्वतःची शेगडी सोबत असली, की हा प्रश्नच उरत नाही. दुपारी चारच्या सुमारास मुक्कामी पोहोचायचे, मुगाची खिचडी व कढी करायची आणि दिवस मावळण्यापूर्वी भांडी घासून मोकळे व्हायचे, असा आमचा क्रम होता. सकाळसाठी खाखरे होतेच.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरून रोह्यावरून मुरुड गाठले. आगरदांडा ते दिघी ही पहिली फेरी. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव. येथील रोठा सुपारीचे नाव किराण्याच्या व्यापारात असलेल्या वाचकांना सांगायला नको. बागमांडल्याहून वेसवीला उतरले, की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. मग केळशी, आंजर्ले, हर्णै करीत दाभोळ. तेथून धोपावे, गुहागर, हेदवी. आणि शेवटी तवसाळहून जयगड. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर व तेथून परत पुणे.

दाभोळच्या धक्क्यावर आम्ही मुद्दाम दोन फेऱ्या सोडून थांबलो. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळले. पुढील काळातही गलबतांनी येणारा माल याच खाडीतून आत चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जाई आणि तेथून कुंभार्ली घाटाने बैलांच्या पाठीवरून कऱ्हाडच्या बाजारात पोहोचे. देशावरच्या कित्येक पेढ्यांचा माल या पाण्यावरून आलेला आहे. आज त्याच पाण्यावरून मोटारी जातात. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली; नंतर इतर खाड्यांवरही अशी सोय झाली. भाडे वाहनाच्या प्रकारावर ठरते. लोखंडी फळी धक्क्यावर टेकते, गाड्या आत शिरतात आणि थोड्याच वेळात पैलतीर येतो. ही फेरी नसेल तर चिपळूणला वळसा घालून गुहागर गाठायचे, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता. इंधन आणि वेळ यांचा हिशेब मांडला, तर तिकीट स्वस्तच ठरते.

आता सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. बोटीत आमच्या शेजारी एक गृहस्थ रिक्षात वृद्ध आईला घेऊन बसले होते. दापोलीला डॉक्टरांना दाखवून ते परतत होते. ते म्हणाले, "काका, तुम्हाला बोट छान वाटते. आमच्या आईला रात्री बारा वाजता दुखायला लागलं, तर बोट कुठून आणायची?" तिकिटे फाडणारा तरुण हे ऐकत होता. तो हसून म्हणाला, "पूल होऊ दे की. पण आम्हाला काय काम देणार, ते पण सांगू दे."

बँकेत असताना अनेक कर्जप्रकरणे मी पाहिली. त्यात एक गोष्ट शिकलो, की एकाच व्यवहारात दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. पूल झालाच पाहिजे. आजारी माणसाला भरती-ओहोटी आणि वेळापत्रक यांच्या स्वाधीन ठेवणे योग्य नाही. मात्र पुलाच्या अंदाजपत्रकात त्या तरुणाच्या रोजगाराचीही एक ओळ असावी. धक्क्यावरचा चहावाला, शहाळी विकणारी बाई, कोकमाच्या बाटल्या मांडणारे बचत गट, या सर्वांचा धंदा गाडी थांबते म्हणूनच चालतो. न थांबणारे गिऱ्हाईक म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही.

खर्चाचा तपशील असा: सुमारे ८०० किलोमीटर प्रवास, सात रात्री. इंधन, चारही फेऱ्या, मुक्कामाचे पैसे आणि भाजीपाला मिळून ११,००० रुपयांच्या आत भागले; त्यांतील निम्म्याहून अधिक इंधनाचे. मुक्कामासाठी घरगुती निवास चालवणाऱ्यांना विचारून त्यांच्या अंगणात गाडी लावली आणि स्नानगृहाच्या वापराचे पैसे आपणहून दिले. कोठेही नकार आला नाही. पुळणीवर गाडी मात्र कधीही नेऊ नये. भरतीच्या पाण्यात चाके रुतलेल्या गाड्या दरवर्षी ओढून काढाव्या लागतात. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. सुट्टीचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा धक्क्यावर रांगा लागतात.

पूल पूर्ण होतील तेव्हा हा प्रवास निम्म्या वेळात होईल. ज्यांना गाडीच्या चाकाखाली पाणी वाहताना पाहायचे आहे आणि पैलतीर येईपर्यंत अनोळखी माणसांशी चार शब्द बोलायचे आहेत, त्यांनी नातवंडांना घेऊन येत्या हिवाळ्यातच निघावे.