धूम्रपान : हो / नाही

आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीने प्रेग्नन्सी टेस्टवर दोन रेघा दिसल्या त्याच दिवशी सिगरेट सोडली. सोपं नव्हतंच. तिची चिडचिड आम्ही सगळ्यांनी महिनाभर झेलली. पण सगळं जग तिच्या बाजूने होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, नवऱ्याने स्वतःचीही बंद केली, आणि आम्ही टपरीवरचा चहा डेस्कवर आणून प्यायला लागलो.

त्याच सुमारास आमच्याकडे पोळ्या करणारी सुनीता (नाव बदललंय) चौथ्या महिन्यात होती. एकदा तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. केसपेपरवर एक ओळ होती, ‘धूम्रपान : हो / नाही’. सिस्टरने न विचारताच ‘नाही’वर टिक केली. माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा झाला! डेटा शंभर टक्के खरा आणि उपयोग शून्य. कारण सुनीता दिवसातून चारदा मिश्री लावायची.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. मुंबई-कोकणाकडे हिलाच मशेरी म्हणतात. गंमत म्हणजे लावणारीच्या लेखी हे दात घासणं असतं. त्यामुळे ‘तंबाखू खातेस का?’ असं विचारलंत तरी ती प्रामाणिकपणे ‘नाही’च म्हणेल. नाव घेऊन, ‘मिश्री लावतेस का?’ असंच विचारावं लागतं.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या फक्त २ टक्के बायका सिगरेट-बिडी ओढणाऱ्या निघाल्या. धुराविना तंबाखू घेणाऱ्या? १२.८ टक्के. म्हणजे केसपेपर विचारतो दोघींना आणि सोडून देतो बाराजणींना.

बरं, धूर नाही म्हणजे धोका नाही असंही नाही. निकोटीन हिरड्यांमधून रक्तात जातं, तिथून वारेतून बाळाकडे. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे साधारण दोन अंडी. आपल्याला किरकोळ वाटेल, पण सुनीताची पहिली मुलगी सव्वादोन किलोची होती. (ते मिश्रीमुळेच, असं मी म्हणणार नाही. वजन कमी भरायला हजार कारणं असतात.) अडीच किलोच्या खाली असलेल्या बाळाला दोन अंड्यांचा फरक पडतो.

मी हे सगळं तिला सांगितलं. तिने पोळी उलटली आणि म्हणाली, “ताई, सकाळी लावल्याबिगर पोटच साफ होत नाही. आणि त्या लाल गोळ्या सुरू झाल्यापासून तर बघायलाच नको.”

लाल गोळ्या म्हणजे लोहाच्या. गरोदरपणात आधीच बद्धकोष्ठ होतं, लोहाने वाढतं, आणि तिच्याकडे त्यावरचा एकमेव उपाय मिश्री! दवाखाना एका हाताने गोळ्या देत होता आणि त्याच गोळ्या तिला डबीकडे ढकलत होत्या. शिवाय एक दाढ किडलेली. मिश्री लावली की ठणका थांबायचा. आणि घरी सासूबाई : “म्या पाच लेकरं काढली मिश्री लावून. काय झालं त्यांना?” यावर ‘बाळासाठी सोड’ हा सल्ला म्हणजे नुसती हवा. आईला बाळाची काळजी नसते असं वाटतं की काय लोकांना?

मग एकेक गोष्ट सुटी केली. पुढच्या वेळी डॉक्टरांना मिश्रीचं नाव घेऊन सांगितलं. त्यांनी गोळी बदलली, पाणी-भाज्या वाढवायला सांगितलं. दाढेचं काम पाचव्या महिन्यात करून घेतलं (गरोदरपणात दातांना हात लावू नये ही समजूत चुकीची आहे). १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. तिचा नंबर तंबाखूच्या पुड्यांवर छापतात, पण घरी भाजलेल्या मिश्रीला पुडा कुठला? दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, ती कारखान्यांना. तव्याला कोण बंदी घालणार?

ती बंदी शेवटी सुनीतानेच घातली. तिने भाजणंच बंद केलं. लागली तर शेजारणीकडे मागायची, आणि मागायची तिला लाज वाटायची. डबीत बडीशेप भरली. पहिला आठवडा डोकं दुखलं, रात्री झोप नाही, मुलीवर उगाच ओरडली. चारावरून दोनावर आली. सकाळची मात्र हटता हटेना. ती सुटायला सातवा महिना उजाडला. मधे दोनदा परत सुरू झाली होती. तिने स्वतःहून सांगितलं, मी काही बोलले नाही.

मुलगा झाला, दोन किलो सातशे. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा खरी धाकधूक होती, कारण तिथे आई, काकू, वहिनी सगळ्याच लावणाऱ्या. आणि निकोटीन अंगावरच्या दुधातूनही जातं. परवा भेटली तेव्हा विचारलं. म्हणाली, “न्हाई लावत ताई. पण भाजायचा वास आला की तोंडाला पाणी सुटतंय. तेवढ्यापुरती पोराला घेऊन बाहेर जाऊन बसते.”