लाल शाईतला शेरा

"समीक्षकांचा आधार नाही. 10 पैकी 4." पंधरा वर्षं झाली, तो शेरा अजून मनातून जात नाही.

मी घनसावंगीची. समर्थ रामदासांचा जन्म 1608 चा, आमच्याच तालुक्यातल्या जांबचा. रामनवमीला आम्ही दरवर्षी जांबला जायचो. त्यांचा दासबोध मात्र देव्हाऱ्याशेजारी लाल कापडात बांधलेला असायचा. बी.ए.ला तो अभ्यासाला आला तेव्हा वीस दशक, दोनशे समास गाईडात चार पानांत उरकलेले होते: प्रयत्नवाद, विवेक, रुक्ष भाषा.

त्या 'रुक्ष'मुळेच मी पोथीचं लाल कापड सोडलं. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास उघडला, लेखनाचा. ऐन तारुण्यात फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जात नाही. आमच्या पोथीच्या कडा कसरीनं खाल्ल्या होत्या. अक्षर एकही गेलं नव्हतं. ही भाषा रुक्ष? मी चाचणीत हेच लिहिलं.

सरांनी उभं केलं. "हे कोण्या समीक्षकानं म्हटलंय?"

"सर, दासबोधातच आहे."

"दासबोधात काय आहे ते नको सांगू. टीकाकार काय म्हणतात ते लिही."

शेजारणीला 8 मिळाले. तिनं गाईड जसंच्या तसं उतरवलं होतं. त्यात मूर्खलक्षणं तिसऱ्या दशकात छापली होती. ती आहेत दुसऱ्यात. वर्गभर सगळ्यांनी तिसराच लिहिला आणि कुणाचा अर्धा गुणही कापला गेला नाही. ग्रंथ पुरा न पाहता त्याला नावं ठेवणाऱ्याला समर्थांनी पहिल्याच समासात फटकारलंय. तेवढा एक समास जरी वर्गात मोठ्यानं वाचला असता! शिकवणाऱ्यांनी आधी मूळ पान उघडावं, टीकाकार मागून यावेत, असं मी आजही भांडून सांगते.

पण गाईडानं 'रुक्ष' म्हटलं नसतं, तर मी ते लाल कापड सोडलंच नसतं. आणि आठव्या दशकातलं मायेचं निरूपण मी तीनदा वाचलं, काही उमगलं नाही. शेवटी वाचनालयातून एक जाडजूड विवरण आणलं, शेजारी पोथी ठेवली, तेव्हा कुठे ओवी उलगडू लागली.