ऐकण्याचा धडा

मुलांना बोलावयास शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. त्यांना ऐकावयासही शिकवावे लागते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. आणि ते शिकवणाऱ्याला आधी स्वतःला ऐकता आले पाहिजे, हे तर मला माझ्याच वर्गातील एका मुलीने शिकवले. त्या धड्याची ही हकीकत आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात पॉडकास्ट ऐकण्याचा उपक्रम सुरू झाला. 'पॉडकास्ट' हा शब्द वयाने तसा लहानच आहे. 'आयपॉड' हे खिशात मावणारे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रसारण, या दोन शब्दांची सांगड घालून बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकाराने तो २००४ साली प्रथम लिहिला. पुढे २०२२ साली ते यंत्र तयार होणेच बंद झाले. शब्द मात्र जगभर रुजला.

आवाजातून शिकवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९२४ सालापासून शाळांसाठी रेडिओवरून पाठ ऐकवले जात. पण रेडिओ कोणासाठी थांबत नाही. एखादा शब्द निसटला, की तो निसटलाच! पॉडकास्टचे तसे नाही. तो ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवलेला असतो. आपल्या सवडीने तो लावावा, हवा तेथे थांबवावा आणि समजले नाही तर मागे नेऊन पुन्हा ऐकावा.

पहिल्या दिवशी मी उत्साहाने अर्ध्या तासाचा एक पॉडकास्ट वर्गात लावला. दहा मिनिटांतच कोणी वहीत चित्रे काढू लागले, तर कोणी खिडकीबाहेरच्या चिमण्या मोजू लागले. तेव्हा मी रीत बदलली. पाच मिनिटे ऐकायचे, मग थांबायचे आणि ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे. हळूहळू मुलांचे कान तयार होऊ लागले. एके दिवशी सारा वर्गच म्हणाला, "गुरुजी, आपण आपला पॉडकास्ट करू या!"

विषय ठरला 'आपल्या गावाचे पाणी'. गावात एक वृद्ध शेतकरी आहेत. लहानथोर सारे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी त्यांनी विहिरीवर मोट हाकली होती. मोट म्हणजे पाणी काढण्याची कातड्याची मोठी पिशवी. बैल उतरत्या धावेवरून पुढे चालत, नाडा ताणला जाई, चाक कुरकुरत फिरे आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. तेथून पाणी पाटाने शेतात जाई. आमच्या मुलांनी हे कधी पाहिलेच नव्हते. म्हणून एका शनिवारी मोबाइल घेऊन आम्ही आबांच्या ओसरीवर गेलो.

मुलाखत झाली. मीच पुढाकार घेऊन भराभर प्रश्न विचारले. सगळी माहिती मिळाली, म्हणून मी समाधानाने घरी परतलो.

सोमवारी वर्गात आम्ही ते ध्वनिमुद्रण ऐकले. मध्येच एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, जरा मागे घ्या ना." मी मागे घेतले. आबांचा आवाज आला, "मोट चालू असली की चाक बोलायचं बघा. त्या आवाजावरून घरात बसूनसुद्धा कळायचं..." आणि त्यावर माझा खणखणीत आवाज आला, "बरं, आबा, मोटेला बैल किती लागत?" आबा क्षणभर थबकले आणि म्हणाले, "दोन."

"आबा काहीतरी सांगत होते, गुरुजी," ती मुलगी हळूच म्हणाली. "ते राहूनच गेलं."

वर्ग शांत झाला. माझी मान खाली गेली. मुलांना 'नीट ऐका' म्हणून रोज बजावणारा मी. पण मीच आबांचे वाक्य अर्ध्यावर तोडले होते. बोलताना ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. त्या छोट्या यंत्राने माझा दोष मलाच ऐकवला.

पुढल्या शनिवारी आम्ही पुन्हा ओसरीवर गेलो. या वेळी प्रश्न त्या मुलीने विचारला, "आबा, चाकाच्या आवाजावरून घरात काय कळायचं?"

आबा काहीच बोलले नाहीत. माझ्या जिभेवर दुसरा प्रश्न आला. मी तो गिळला. मग आबा सावकाश बोलू लागले.

"विहिरीला पाणी किती आहे, ते कळायचं. मोट भरून आली की चाक जड कुरकुरायचं. अर्धी आली की हलकं. बहात्तर सालचा दुष्काळ. एका पहाटे मोट सोडली आणि चाक नुसतंच फिरलं, कुरकुरलंच नाही. माझी आई चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली आणि धावेवर येऊन उभी राहिली. बोलली काही नाही. तिला घरातच कळलं होतं. पुढे बैल विकले आणि आम्ही खडी फोडायला गेलो."

१९७२ च्या दुष्काळाविषयी मी वर्गात अनेकदा शिकवले होते. परंतु तो दुष्काळ मला त्या दिवशी प्रथम ऐकू आला.

ध्वनिमुद्रणाची काटछाट करताना एका मुलाने विचारले, "प्रश्नानंतर अकरा सेकंद काहीच आवाज नाही. ते कापू का?" त्यावर मुलांत बराच वाद झाला. अखेर ती मुलगी म्हणाली, "नको. आबा तेवढा वेळ आठवत होते." ते अकरा सेकंद आम्ही तसेच ठेवले.

आता वर्गात प्रश्न विचारला, की मी मनातल्या मनात अकरापर्यंत अंक मोजतो. पूर्वी मी दोन-तीन हुशार मुलांची उत्तरे घेऊन पुढे जात असे. परवा शेवटच्या बाकावरील एका अबोल मुलाने आठव्या अंकाला हात वर केला. वर्षभरात त्याचा आवाज मी प्रथमच ऐकला.

बालमित्रांनो, तुमच्याही घरी किंवा शेजारी असे कोणी आबा असतील, आजी असेल. त्यांना एखादा प्रश्न जरूर विचारा. त्यांचा आवाज जपून ठेवता आला तर ठेवा. मात्र प्रश्न विचारल्यावर थोडे थांबायला विसरू नका.