भंडारदऱ्याला जाल तेव्हा

पैठणचा नाथसागर आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण त्या पाण्याचा एक धागा डोंगरात कुठे सुरू होतो, ते पाहायचे तर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला जावे. पाळ्या उरकल्या, बियाणे घरात आले की मृगाआधी दोन दिवस मोकळे मिळतात. घरच्या बायामाणसांना जरूर न्या. सहल काय ती पुरुषांनीच करावी, असे कुठल्या पोथीत लिहिलेले नाही.

प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. साठवण अकरा टीएमसी, म्हणजे नाथसागराच्या नवव्या हिश्श्याएवढी. भोवती सह्याद्रीची भिंत, एकीकडे १६४६ मीटर उंचीची कळसूबाई, दुसरीकडे रतनगड. पाऊस पडतो तो या कड्यांवर. हीच प्रवरा पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि नाथसागरात येते. तळ्यात टाकलेली बाटली किंवा पत्रावळ कुणाच्या दिशेने निघते, ते आता वेगळे सांगायला नको.

पण मी मृगाआधी जा म्हणतो ते काजव्यांसाठी. रतनवाडी-घाटघरच्या रानात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे रात्री अशी लुकलुकतात की पोरे बोलायची थांबतात. मी शेतकी कॉलेजात किडी शिकलो, त्या बहुधा पिकाच्या शत्रू म्हणून. हा मित्र. काजव्याची अळी गोगलगायी खाऊन वाढते, आणि २०२२ साली लातूर-बीडकडे गोगलगायींनी कोवळ्या सोयाबीनचे काय केले, ते तुम्ही ऐकले असेलच.

नर लुकलुकतो तो मादीला खूण म्हणून. मोटारीचा झोत पडला की ती खूण बुजते, जोडी जमत नाही, अंडी पडत नाहीत. मागच्या खेपेला एका झाडाखाली सात-आठ गाड्या दिवे लावून उभ्या होत्या, वर कर्णा! काजवे पाहायला आलेल्यांनी काजवेच विझवले. तुम्ही गाडी लांब उभी करा, बॅटरीवर लाल कागद बांधा, झोत पायाशी ठेवा. हे अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर वेळ विचारूनच आत जा.

तळ्यात पोहायला उतरू नका; काठ एकदम खोल होतो. सकाळी रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ बघा. जेवणाचे गावातल्या एखाद्या घरी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. तिथे तांदळाची भाकरी मिळते. आपल्या ज्वारीच्या हाताला ती थापायला जमत नाही, बायकांनी चुलीपाशी बसून बघून घ्यावी.